रोज म्हापसा–पणजी, महिन्याला कोल्हापूर: व्हर्टस जीटी की डिझेल क्रेटा?

कुटुंब म्हापशातलं. नवरा-बायको दोघांची कचेरी पणजीत, जाणं-येणं एकाच गाडीतून. घरात सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात आणि माहेर कोल्हापूर, म्हणून महिन्यातून एकदा आंबोलीमार्गे तिकडची फेरी ठरलेली. जुनी छोटी पेट्रोल गाडी बदलायची होती. रस्त्यावर येईपर्यंत बावीस-तेवीस लाखांची तयारी होती. नवऱ्याच्या मनात फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस, दीड लिटर टर्बो पेट्रोल, डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बायकोचा कल ह्युंदाई क्रेटाकडे, दीड लिटर डिझेल ऑटोमॅटिक.

सेडान आणि एसयूव्ही यांची तुलना कशाला, हा प्रश्न इथे येणारच. डिझेल सेडान घ्यायची म्हटली तर या किमतीत नवी मिळत नाही, हे त्याचं उत्तर. धुरासाठीचे बीएस-६ नियम आल्यावर, २०२० मध्ये, फोक्सवॅगन आणि स्कोडाने भारतात डिझेल बंद केलं. होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्ना यांची डिझेल इंजिनं २०२३ मध्ये गेली. त्यामुळे वेगवान पेट्रोल सेडानला डिझेलचा पर्याय शोधणारा माणूस आज आपोआप एसयूव्हीच्या दारात पोचतो आणि इंजिनासोबत आसनाची उंची, टायर, गिअरबॉक्स सगळंच बदलतं. या घरात निर्णयाला वेळ लागला तो यामुळेच.

दोघांनी पहिल्यांदा ताडून पाहिला तो मायलेजचा आकडा. तो प्रश्न इथे दुय्यम होता. आधी पाहायला हवं होतं की रोजच्या रस्त्यावर गाडीचं काय होतं.

आमच्या सल्ल्याने त्यांनी दोन आठवडे डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवली. चारच रकाने: इंजिन किती वाजता सुरू केलं, किती वाजता बंद केलं, किती किमी झाले, आणि ६० च्या वर सलग किती मिनिटं चालली. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो भरायला कुणीच जात नाही. म्हापसा ते पणजी अंतर साधारण १३ किमी. वाटेतल्या पर्वरीत उन्नत मार्गाचं काम लागल्यापासून सकाळची फेरी पस्तीस ते पन्नास मिनिटांची झाली होती. शुक्रवारी बाजारामुळे म्हापशातून बाहेर पडायलाच त्यातली दहा मिनिटं जात. ६० च्या वर सलग चाललेला सगळ्यांत मोठा तुकडा अटल सेतूवरचा, तोही तीन-चार मिनिटांचा. महिन्याचा हिशोब: रोजचे २८ किमी, २४ दिवस, म्हणजे पावणेसातशेच्या आसपास. कोल्हापूरची फेरी चारशे. वर्षाला १२,८०० किमी, त्यातले ८,००० किमी रांगत.

आता या ८,००० किमीत डिझेलचं काय होतं ते पाहू.

बीएस-६ डिझेलच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. जाळी भरत आली की ती जाळून साफ करावी लागते. महामार्गावर धूर पुरेसा तापतो आणि बरीचशी काजळी चालता चालताच जळते. संथ वाहतुकीत धूर तापत नाही, म्हणून संगणक स्वतः सफाई सुरू करतो. ज्वलन झाल्यानंतर सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडलं जातं, ते पुढे पेटून जाळीचं तापमान ६०० अंशांच्या घरात नेतं. या कामाला गाडी सलग दहा ते वीस मिनिटं बऱ्या वेगात चालायला हवी. मधेच पर्वरीचा सिग्नल लागला, किंवा कचेरी आली आणि चावी फिरवली, की सफाई अर्धवट राहते.

अर्धवट सफाईचं नुकसान दोन ठिकाणी होतं. जाळीत काजळी साठत जाते, हे उघड आहे. दुसरं चटकन लक्षात येत नाही: न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, आणि डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ऑइल वाढलेलं पाहून खूश होण्यासारखं त्यात काही नाही. टर्बोच्या बेअरिंगला तेच ऑइल जातं. डीपीएफ असलेल्या गाडीत पंधरा दिवसांतून एकदा डिपस्टिक पाहावी, आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर ऑइल बदलून घ्यावं. ऑइलही कमी राख सोडणारं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या एसीईए ‘सी’ वर्गातलंच हवं. काजळी जळते, राख जळत नाही. ती जाळीत कायमची बसते.

सफाई चालू आहे हे ओळखता येतं. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडे चढे राहतात, पंखा जोरात फिरतो आणि इंजिन बंद केल्यावरही फिरत राहतो, गरम धातूचा वास येतो, त्या फेरीचं मायलेज एकदम पडतं. अशा वेळी शक्य असेल तर गाडी बंद करू नये, आणखी दहा-पंधरा मिनिटं चालवावी. डीपीएफचा दिवा लागलाच तर ६०–८० च्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून, दोन हजार आरपीएमच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटं सलग. दिवा तसाच ठेवून आठवडाभर कचेरी केली, तर गाडी ताकद कापून घेते आणि मग वर्कशॉपमध्ये यंत्र लावून सफाई करावी लागते. त्यानेही भागलं नाही तर जाळीच बदलायची. तो खर्च वर्षांची डिझेलबचत खाऊन टाकतो.

गोव्यात यावर उपाय आहे, आणि म्हापशाहून तो जवळच आहे. म्हापसा ते महाराष्ट्राच्या सीमेवरची पत्रादेवी, कोलवाळचा पूल ओलांडून धारगळवरून, जाता-येता सुमारे ५६ किमी. चौपदरी रस्ता असल्याने एका बाजूला वीसेक मिनिटं सलग मिळतात. संथ वाहतुकीत दर तीनशे किमीला एक सफाई धरली, तर या कुटुंबाच्या महिन्याच्या पावणेसातशे किमीत दोन सफाया कचेरीच्या वाटेवर येतात आणि बहुधा तुटतात. कोल्हापूरची फेरी साचलेलं बरंच साफ करील, पण तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही. पावसाळ्यात आंबोलीची एखादी फेरी रद्द होतेच. म्हणून महिन्याला दोन पत्रादेवी फेऱ्या हिशोबात धरल्या.

इथवर वाचून पेट्रोलच घ्या असं वाटेल. पण त्याच पर्वरीत पेट्रोल गाडीचंही दुखणं आहे, फक्त ते गिअरबॉक्समध्ये आहे.

व्हर्टस जीटीचा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. आत दोन क्लच: एक विषम गिअरसाठी, एक सम गिअरसाठी. त्यांना थंड करायला तेल नाही, फक्त हवा. गाडी पाच-सात किमी वेगाने रांगते तेव्हा क्लच पूर्ण बसलेला नसतो, घासत असतो, आणि ती उष्णता साठत जाते. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येते, क्लच लवकर झिजतो. क्रेटा डिझेलचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. तिथे घसरण होते ती तेलात. थोडं इंधन वाया जातं, पण घासून झिजणारं काही नाही. कोंडी डिझेलच्या जाळीला मारते आणि पेट्रोलच्या क्लचला. हा पेच नीट मांडल्याशिवाय या दोन गाड्यांतला निर्णय प्रामाणिक होत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

फरक एवढाच की क्लच सवयीने वाचवता येतो, जाळीला मात्र रस्ताच लागतो. सवयी अशा. पुढच्या गाडीला चिकटून इंचाइंचाने सरकू नये. दोन गाड्यांचं अंतर पडू द्यावं, मग एकदम निघावं, म्हणजे क्लच पूर्ण बसतो. थांबल्यावर ब्रेक घट्ट दाबावा. अर्धवट ब्रेकवर गाडी पुढे ओढत राहते आणि क्लच घासत राहतो. मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरणं ही सगळ्यांत वाईट सवय. जुन्या गाडीत क्लचवर तोलायची सवय असलेल्यांच्या पायात ती बसलेली असते. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर बाजूला घेऊन थांबावं.

नवऱ्याचा एक बेत आम्ही स्पष्टपणे नाही म्हणून थांबवला. वर्षभराने रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून, ताकद वाढवायची होती. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, पेलण्यासाठी बनवलेला आहे आणि इंजिन मुळातच २५० देतं. वर जागा शिल्लक नाही. रीमॅपने क्लच जातो आणि वॉरंटीही.

आता ताकदीचं. कागदावर एक गोष्ट पाहून दोघेही चकित झाले: दोन्ही इंजिनांचा टॉर्क सारखाच, २५० न्यूटन मीटर. पेट्रोलला तो १,६०० ते ३,५०० आरपीएमपर्यंत, डिझेलला १,५०० ते २,७५० पर्यंत. म्हणजे अडीच हजारांच्या खाली, जिथे गोव्यातलं बहुतेक चालवणं होतं, तिथे दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच ओढतात. फरक त्याच्या वर पडतो. पेट्रोल १५० पीएस (अश्वशक्ती) देतं, पाच ते सहा हजार आरपीएमला. डिझेल ११६ पीएस, चार हजारांना, आणि तिथेच त्याचा दम संपतो. क्रेटा वजनानेही जड. मग हा जादा दम वापरायचा कुठे? पर्वरीत नाही. आसगाव-शिवोलीच्या आतल्या रस्त्यांवर तर अजिबात नाही; तिथे वळणावर समोरून स्कूटरवर पाहुणा येतो आणि त्याला रस्त्याची कुठली बाजू आपली हेही धड ठाऊक नसतं. तो लागतो बांदा–आंबोली–आजरा–गडहिंग्लज–संकेश्वर या वाटेवर, दुपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना, ६० वरून १०० वर जाताना. समोरच्या बाजूला कमीत कमी वेळ राहणं ही सुरक्षिततेची गोष्ट आहे. पेट्रोलच्या बाजूने आम्हाला पटलेलं हेच सगळ्यांत मोठं कारण. सिग्नलवरून सुसाट निघण्याला आम्ही काहीच गुण दिले नाहीत.

घाटाचा चढ मात्र दोन्ही गाड्यांना सोपा. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरच्या आसपास. चार माणसं आणि सामान घेऊन दोन्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढतात. जुलैच्या धुक्यात तर ताकदीचा प्रश्नच उरत नाही. उतरताना दोन्ही ऑटोमॅटिक हाताने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला लावून ठेवाव्यात, ब्रेक तापू देऊ नयेत.

पैशांचा हिशोब गोव्याच्या दरांनी केला पाहिजे, पुण्या-मुंबईच्या नाही. हिशोब केला तेव्हा मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर आणि डिझेल ९० च्या आसपास, म्हणजे तेरा-साडेतेराचा फरक. गोव्यात पेट्रोलवरचा कर कमी असल्याने फरक आठाच्या आसपास. आम्ही पेट्रोल ९७ आणि डिझेल ८९ धरलं. मायलेज मुद्दाम हात आखडून धरलं: पेट्रोलला कोंडीत १०, लांबवर १६, डिझेलला १३ आणि १८.

पेट्रोल: ८०० लिटर अधिक ३०० लिटर, वर्षाला १,०६,७०० रुपये. डिझेल: ६१५ अधिक २६७, म्हणजे ८८२ लिटर, ७८,५०० रुपये. फरक २८,२०० चा. हाच हिशोब मुंबईच्या दरांनी केला तर तो ३४,००० च्या पुढे जातो. मग पत्रादेवीच्या फेऱ्या: महिन्याला ११२ किमी, वर्षाला साडेतेराशे, ७५ लिटर डिझेल, ६,७०० रुपये. उरले २१,५००, म्हणजे महिन्याला अठराशे रुपये. क्रेटाची सर्व्हिस १०,००० किमी किंवा एक वर्षाने, व्हर्टसची १५,००० किमी किंवा एक वर्षाने. पत्रादेवीच्या फेऱ्या धरून क्रेटा साडेआठ महिन्यांतच सर्व्हिसच्या दारात उभी राहते. तो फरक आणखी थोडं कापतो. दोन्ही गाड्या चार मीटरहून लांब, त्यामुळे सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर जीएसटी दोघींनाही ४० टक्केच. तिथे कुणाला सवलत नाही.

तर प्रश्न महिना अठराशे रुपयांवर आला. एवढी रक्कम ट्रक झपाट्याने ओलांडण्यासाठी आणि डीपीएफची काळजी नको म्हणून द्यायला हे कुटुंब तयार होतं.

एक मधला मार्गही त्यांच्यापुढे ठेवला: तीच व्हर्टस, एक लिटर टर्बो, ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर, आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. जाळी नाही, कोरडा क्लच नाही, किंमतही कमी. ज्यांचं चालवणं फक्त म्हापसा–पणजी आहे त्यांनी दीड लिटरच्या मागे लागू नये, हीच घ्यावी. या घराने ती भरलेल्या गाडीसह चढावर चालवून पाहिली आणि ओव्हरटेकला कमी पडते म्हणून सोडली.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या पाच किमीच्या गुळगुळीत फेरीवर घेऊन काही कळत नाही. तिन्ही गाड्या सकाळी सव्वानऊला पर्वरीत नेल्या, वीस मिनिटं कोंडीत. मग पणजीत आल्तिनोच्या चढावर मध्येच थांबवून पुन्हा निघून पाहिल्या. डीएसजी किंचित मागे रेलून मग निघते, त्याची सवय लागते. शेवटी घराच्या फाटकातून, चौघं बसवून. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी सांगतात, तो रिकाम्या गाडीचा. माणसं बसली की ती खाली येते. यांच्या फाटकाजवळच्या जांभ्या दगडाच्या उंबऱ्यावर सरळ नेली तर घासली, तिरकी नेली तर निघाली. दोन पाट्या काँक्रीट टाकून उतार वाढवणं हा त्यावरचा इलाज. क्रेटाला १९० मिमीमुळे काही करावं लागलं नसतं.

सगळ्यांत अवघड कसोटी सासूबाईंची होती. क्रेटाचं आसन कमरेच्या उंचीचं, त्या सहज सरकून बसल्या. व्हर्टसच्या मागच्या आसनावरून उठताना गुडघा अडला. इथे बेत मोडणारच होता, आणि मोडला असता तर ते योग्य ठरलं असतं. महिन्याला दोन वेळा सहा-सहा तासांचा त्रास अठराशे रुपयांनी भरून निघत नाही. मग पुढचं डावं आसन शेवटपर्यंत मागे नेलं. आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत, वरच्या मुठीला धरून. तीन वेळा बसून-उठून त्या म्हणाल्या, “पुढंच बसते मी. मागं नको.” सूनबाई मागे बसायला तयार झाली. ज्या घरी दोन वडीलधारी माणसं असतील, तिथे ही वाट बंद.

बायकोची शंका वेगळीच होती, आणि तीच निर्णय फिरवू शकत होती. तिच्या बदलीची कुणकुण होती, वेर्णाला. म्हापसा–वेर्णा साधारण ३६ किमी, अटल सेतू आणि नव्या जुवारी पुलावरून. तसं झालं तर वर्षाची धाव साडेपंचवीस हजारांवर जाते आणि पर्वरी सोडली की गाडी मोकळी पळते. रोजच्या फेरीला पेट्रोलची कोंडी-मोकळ्याची सरासरी १४ आणि डिझेलची १७ धरली, कोल्हापूरला आधीचेच आकडे ठेवले, तर फरक वर्षाला ४०,००० रुपयांचा होतो. शिवाय जाळी रोजच्या रोज साफ होते, पत्रादेवीच्या फेऱ्या नकोत. अशा धावेला आम्ही डिझेलच सुचवलं असतं. फक्त बुकिंगआधी एक विचारून घ्यायचं: गाडीत एससीआर, म्हणजे द्रावण फवारून धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, आहे का, आणि असेल तर त्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची, टाकी किती लिटरची. ते द्रावण संपलं की इशारे दुर्लक्षून चालत नाही. शेवटी गाडी सुरूच होऊ देत नाही.

म्हणून बुकिंग थांबवलं. बदलीची यादी लागेपर्यंत जुनीच गाडी चालवली. यादीत नाव आलं नाही, तेव्हा व्हर्टस जीटी प्लस डीएसजी नोंदवली. सोबत घेतलं ते एवढंच: गिअरबॉक्स त्यात येतो हे लेखी पाहून वाढीव वॉरंटी, पावसाच्या पाण्यासाठी विम्यात इंजिन संरक्षण, आणि खारी हवा लागते म्हणून खालून गंजरोधक लेप. डिलिव्हरीआधी टायरच्या बाजूवरचा उत्पादनाचा आठवडा आणि चासी नंबरावरून महिना ताडून पाहिला. कोल्हापूरला जाताना टाकी धारगळला, पत्रादेवी ओलांडण्याआधी भरायची, हे सासूबाईंना आधीपासूनच ठाऊक होतं.